स्काउट तसं का बोलली?

मागच्या महिन्यात न्यू जर्सीहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. नववीत आहे. शाळेत ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ लावलंय आणि त्यातलं एक वाक्य काही केल्या तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. ‘‘मावशी, स्काउट इतकी गोड आहे, तिचे बाबा इतके चांगले आहेत. मग कोर्टाबाहेर तिचा मित्र डिल काळ्या आरोपीसाठी रडत असताना ती त्याला असं कसं म्हणते, की अरे, शेवटी तो निग्रोच आहे ना?’’

मी ही कादंबरी बी.ए.ला असताना वाचली होती. मला हे वाक्य आठवतच नव्हतं. आठवत होता तो स्काउटचा वकील बाप अॅटिकस फिंच, कोट काढून ज्यूरीपुढे उभा राहिलेला, आणि तोही सिनेमात त्याचं काम करणाऱ्या ग्रेगरी पेकच्या चेहऱ्याचा. फोन ठेवून पुस्तक शोधलं. एकोणिसाव्या प्रकरणाच्या शेवटी वाक्य होतं, अगदी सहज आलेलं. इतकं सहज की विशीतल्या मला ते दिसलंच नाही, आणि चौदा वर्षांच्या पोरीला दिसलं.

अमेरिकेत या पुस्तकाचं मोठं विचित्र झालंय. चार कोटींहून जास्त प्रती खपल्या, पिढ्यान्‌पिढ्या शाळेत शिकवलं गेलं, आणि तरी २०१७ मध्ये मिसिसिपीतल्या बिलॉक्सी गावाने ते आठवीच्या वर्गातून काढलं, २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या मुकिल्टियोने नववीच्या सक्तीच्या यादीतून उतरवलं. बातमी आली की आपल्याकडे ‘वंशभेदाविरुद्धच्या पुस्तकावरच बंदी, कमाल आहे!’ असं म्हणून लोक मोकळे होतात. प्रकरण तेवढं सरळ नाही. भाचीचा प्रश्न सोडवायला घेतला तर बंदीचं कोडंही त्याच्याबरोबर सुटायला लागतं.

आधी गोष्ट

हार्पर ली या लेखिकेची ही कादंबरी १९६० साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. गोष्ट घडते १९३३ ते १९३५ या काळात, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात, मेकॉम्ब नावाच्या काल्पनिक गावात. मंदीचे दिवस आहेत. शेतकरी वकिलाची फी जळाऊ लाकूड नि भाजीपाल्याच्या रूपात फेडतात.

गोष्ट सांगते ती स्काउट. सुरुवातीला सहा वर्षांची होत आलेली. आई लहानपणीच गेलेली. चार वर्षांनी मोठा भाऊ जेम, वकील वडील अॅटिकस, घर सांभाळणारी काळी बाई कॅलपुर्निया, आणि दर उन्हाळ्यात मावशीकडे येणारा डिल. शेजारी एक कायम बंद घर, त्यात कधीच बाहेर न येणारा बू रॅडली. मुलांच्या लेखी तो भूत आहे, कच्च्या खारी खाणारा.

मग गावात खटला उभा राहतो. टॉम रॉबिन्सन या पंचवीस वर्षांच्या काळ्या मजुरावर मेएला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप आहे, आणि अलाबामात तेव्हा त्याला मृत्युदंड होऊ शकायचा. अॅटिकस त्याचा वकील. पुरावा असा: मेएलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला मार आहे. समोर उभ्या माणसाच्या उजव्या गालावर मारायचं तर मारणाऱ्याचा डावा हात चालावा लागतो. टॉमचा डावा हात बारा वर्षांचा असताना कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडून निकामी झालेला. आणि मेएलाचा बाप बॉब युएल डावखुरा. शाळकरी पोरालाही कळावं इतकं सरळ आहे. जेमला कळतंच; निकाल आपल्याच बाजूने लागणार असं तो काळ्यांसाठीच्या गॅलरीत बसून सगळ्यांना सांगत असतो.

टॉम दोषी ठरतो. पुढे तुरुंगातून पळताना त्याला सतरा गोळ्या घातल्या जातात.

फुल्यांनी ज्यांचे आभार मानले, त्यांचं पुढे काय झालं

इथे थोडा इतिहास लागेल, आणि त्याचं एक टोक पुण्यात आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी जनांना अर्पण केलं, काळ्यांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. तारीख महत्त्वाची आहे. गुलामी १८६५ ला कायद्याने संपली होती, आणि १८७३ मध्ये दक्षिणेतले काळे पुरुष खरोखरच मत देत होते, निवडून येत होते. फुल्यांचा आनंद अनाठायी नव्हता.

चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, यादवी युद्ध जिंकलेल्या उत्तरेने दक्षिणेवरची पकड सोडली आणि दार पुन्हा लोटलं गेलं. जे कायदे आले त्यांना मिळून ‘जिम क्रो’ म्हणतात: शाळा वेगळी, रेल्वेचा डबा वेगळा, पाण्याचा नळ वेगळा, गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळं पण समान’ म्हणून त्यावर शिक्का मारला. अलाबामाने १९०१ मध्ये नवी राज्यघटना करून मतदानासाठी कर आणि वाचनाच्या परीक्षा लावल्या. ‘काळ्यांना मत नाही’ असं कागदावर कुठेच लिहिलं नाही, तरी यादीतून ते जवळजवळ सगळे गळाले. मतदार नाही म्हणजे ज्यूरीत नाही.

ज्यूरी: बारा खुर्च्या आणि त्यात बसणारे

ज्यूरी म्हणजे गावातून निवडलेले सामान्य नागरिक, जे पुरावा ऐकून आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवतात. न्यायाधीश फक्त कायदा सांगतो आणि शिस्त राखतो. आपल्याकडेही ही पद्धत होती. मुंबईतला नानावटी खटला १९५९ मध्ये नऊ जणांच्या ज्यूरीपुढे चालला. आठ विरुद्ध एक मताने त्यांनी नौदलाच्या देखण्या अधिकाऱ्याला निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटेना, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे जन्मठेप झाली. बाहेरची हवा कोर्टाच्या खोलीत शिरते हे आपल्या लोकांनी तेव्हा बघितलं. पुढे ज्यूरी आपल्याकडून गेलीच.

मेकॉम्बची ज्यूरी बारा जणांची. सगळे गोरे, सगळे पुरुष, बहुतेक शेतकरी. बायकांना अलाबामात ज्यूरीवर बसायची मुभा १९६६ पर्यंत नव्हती. कादंबरीत हे कळल्यावर स्काउट चिडते. आता हे बारा जण घरी परत जाणार आहेत, त्याच गावात, त्याच शेजारात. काळ्याचा शब्द गोऱ्या बाईच्या शब्दाहून वरचढ ठरवून आल्यावर दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात त्यांचं स्वागत कसं होईल?

हे लेखिकेच्या कल्पनेतून आलेलं नाही. १९३१ च्या मार्चमध्ये अलाबामातल्या स्कॉट्सबरो गावाजवळ मालगाडीतून उतरवलेल्या नऊ काळ्या मुलांवर दोन गोऱ्या मुलींनी बलात्काराचा आरोप केला. दोन-तीन आठवड्यांत खटले उरकून आठ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. नववा बारा-तेरा वर्षांचा होता. १९३३ च्या फेरखटल्यात त्यांतल्या एका मुलीने कोर्टात येऊन सांगितलं की असं काही घडलंच नव्हतं. ज्यूरीने तरीही दोषी ठरवलं. न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी तो निकाल रद्द केला. पुढच्या निवडणुकीत ते पडले. तिथे न्यायाधीशही निवडून येतात. प्रकरण दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९३५ मध्ये न्यायालयाने म्हटलं की ज्यूरीतून काळ्यांना पद्धतशीर वगळणं घटनेला धरून नाही. मृत्युदंड कुणालाच दिला गेला नाही, पण त्या मुलांची वर्षं तुरुंगात गेली. अलाबामाने शेवटच्या तिघांना मरणोत्तर माफी दिली ती २०१३ मध्ये.

निरागसता आणि हेल

आता भाचीचा प्रश्न.

आपण निरागस म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे कोरी पाटी असते. मूल स्वच्छ जन्मतं, जग त्याच्यावर घाण लिहितं. या कादंबरीबद्दल लिहिणारेही बरेचदा असंच लिहितात: भोळ्या मुलांना जगातलं दुष्टपण कळतं, ती दुखावतात, मोठी होतात. पण पुस्तक नीट वाचलं तर स्काउटची पाटी पहिल्या पानापासूनच कोरी नाही. काळ्यांसाठीचा तो घाणेरडा शब्द ती सहज वापरते. अॅटिकसने टोकल्यावर तिचं म्हणणं असं की शाळेत सगळेच तसं बोलतात. तिच्या मनात कुणाबद्दल द्वेष नाही. तिने तो शब्द ऐकलाय, एवढंच.

मला हे आपल्या बोलण्याच्या हेलासारखं वाटतं. कोल्हापूरच्या पोराला कुणी हेल काढायला शिकवत नाही, मालवणच्या पोरालाही नाही. घरात, गल्लीत, बाजारात जे कानावर पडतं ते जिभेवर बसतं, आणि स्वतःचा हेल स्वतःला कधीच ऐकू येत नाही. पूर्वग्रह, म्हणजे माणूस समोर यायच्या आधीच त्याच्याबद्दल करून ठेवलेलं मत, असाच अंगात मुरतो. वयाने आजोबांएवढ्या गड्याला ‘अरे’ म्हणणारी पोरं आपल्यातल्या अनेकांनी पाहिली आहेत, काहींनी ती पोरं असायचा अनुभवही घेतलाय. त्या पोरांनी कुणाचा द्वेष कुठे केला होता? घरात सगळेच त्याला तसं हाक मारायचे.

कोर्टातही नेमकं हेच घडतं. सरकारी वकील गिल्मर टॉमला उलटतपासणीत सारखा ‘बॉय’ म्हणतो. टॉमला बायको आहे, तीन पोरं आहेत. पण काळा पुरुष कितीही मोठा झाला तरी तिथे तो ‘पोऱ्या’च. आवाज चढलेला नाही, शिवी दिलेली नाही. फक्त तो सूर. डिलला तेवढ्याने हुंदका फुटतो, इतका की स्काउटला त्याला बाहेर न्यावं लागतं. डिल बाहेरगावचा आहे, हे लक्षात घ्या. त्याच्या कानाला तो सूर टोचतो. स्काउटच्या कानाला टोचत नाही. तिच्या गावचा हेलच आहे तो. म्हणून ती त्याची समजूत काढते, वकिलांचं काम असतंच तसं, आणि शिवाय, शेवटी तो… तिला समजूतच काढायची आहे. त्या क्षणी ती प्रेमळच आहे. मला वाटतं, म्हणूनच ते वाक्य इतकं भयंकर आहे.

त्यानंतर लगेच त्यांना डॉल्फस रेमंड भेटतो, काळ्या बाईबरोबर राहणारा गोरा माणूस. हातातल्या कागदी पिशवीत दारू असल्याचं गाव समजतं. आत असतो कोका-कोला. गावाला ‘दारुडा आहे, म्हणून तसा वागतो’ एवढं कारण मिळालं की गाव त्याच्या वाटेला जात नाही. तो मुलांना सांगतो की डिलला आता रडू येतंय, थोडा मोठा झाला की येणार नाही. मोठं होण्याची ही व्याख्या पाहा. वय वाढतं तसं रडू थांबतं.

एक छोटी गंमत. मॉकिंगबर्ड हा पक्षी आपल्याकडे नाही. पुस्तकात त्याचा अर्थ सरळ आहे: तो फक्त गातो, कुणाचं नुकसान करत नाही, म्हणून त्याला मारणं पाप. टॉम आणि बू हे दोघे असे. पण त्या पक्ष्याची खरी ख्याती आहे ती नक्कल करण्याची. दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज तो हुबेहूब काढतो. शेवटच्या भागात, बूच्या दाराशी, अंधारात एक मॉकिंगबर्ड एकामागून एक परक्या पक्ष्यांचे आवाज काढत बसलेला आहे आणि मुलं त्याच्या खालून चालली आहेत. लेखिकेला काय सुचवायचं होतं ते तिचं तिला माहीत. मला मात्र तिथे दरवेळी वाटतं की पक्षी आणि पोरं, दोघंही ऐकलेलंच बोलतायत.

मग मोठं होणं म्हणजे काय?

ली बाईंचं कसब असं की हे सगळं आपल्याला दोन वयांतून दिसतं. बोलते ती मोठी झालेली स्काउट, बघते ती लहान. आजोळी सुट्टीत झोपेचं सोंग घेऊन आपण मोठ्यांचं बोलणं ऐकायचो तसं. शब्द सगळे कळायचे, त्यांचा अर्थ वीस वर्षांनी लागायचा.

तुरुंगाबाहेरचा प्रसंग घ्या. टॉमला ओढून मारायला जमाव आलाय. स्काउट मध्ये घुसते, त्यात तिला ओळखीचा चेहरा दिसतो, वर्गातल्या वॉल्टर कनिंगहॅमचे वडील. ती त्यांच्याशी घरगुती गप्पा मारायला लागते, तुमच्या कज्जाचं काय झालं, वॉल्टरला नमस्कार सांगा. माणसाला आपण बाप आहोत हे आठवतं आणि जमाव पांगतो. निरागसपणा इथे खरंच कामाला आला, आणि स्काउटला त्याचा पत्ता नव्हता. पण दुसऱ्या दिवशी अॅटिकस म्हणतो की कनिंगहॅम मुळात चांगला माणूस आहे, आपल्या सगळ्यांसारख्याच त्याच्याही नजरेत काही आंधळ्या जागा आहेत, तेव्हा जेम भडकतो. त्याने तुम्हाला मारलं असतं, त्याला आंधळी जागा म्हणू नका. वाचताना मी दरवेळी जेमच्या बाजूने होते.

पुढे कळतं की ज्यूरीतला एक जण टॉमला सोडायच्या बाजूने अडून बसला होता, आणि तो कनिंगहॅमांच्याच गोतावळ्यातला होता. ज्यूरी काही मिनिटांत बाहेर यायची ती काही तास आत राहिली. सगळ्या कादंबरीत समाज बदलल्याचा पुरावा एवढाच: काही तास.

जेमचं मोठं होणं उघड आहे. कायद्यावरचा त्याचा विश्वास निकालाबरोबर कोसळतो. पूर्वी रागाच्या भरात म्हाताऱ्या मिसेस ड्युबोजची झाडं छाटणारा हा मुलगा नंतर स्काउटला एक किडासुद्धा मारू देत नाही. हात लावला की गोळी होणारा तो किडा आपलं काही बिघडवत नाही, म्हणतो. स्काउटला वाटतं, हे त्याचं वयच आहे.

स्काउटचं वाढणं मात्र हळू, जवळजवळ न दिसणारं. शाळेत मिस गेट्स हिटलरबद्दल शिकवतात, फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘लोकशाही’ लिहितात, सांगतात की आपण इथे कुणाचा छळ करत नाही, ज्यूंचे हाल ऐकून त्यांच्या पोटात तुटतं. स्काउट घरी येऊन विचारात पडते. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर याच बाई कुणाला तरी सांगत होत्या की त्या लोकांना धडा शिकवायची वेळ आलीच होती, उद्या म्हणतील आमच्याशी लग्न करा. मग हिटलरचा इतका राग येणारी बाई घराशेजारच्या माणसांशी अशी कशी? ती जेमला विचारते. जेमला ते सहनच होत नाही, तो तिला झटकून टाकतो. प्रश्न अनुत्तरित राहतो.

माझ्या मते भाचीच्या प्रश्नाचं उत्तर या प्रसंगात आहे. जी पोरगी काही महिन्यांपूर्वी ‘शेवटी तो निग्रोच’ म्हणाली होती, तिला आता दुसऱ्याच्या बोलण्यातला हेल ऐकू यायला लागला. स्वतःचा अजून नाही. पुस्तक तिला स्वतःच्या त्या वाक्याची आठवण कधीच करून देत नाही, माफी मागायला लावत नाही. ते काम आपल्यावर सोडलंय, आणि आपल्यातले बरेच जण ते वाक्य विसरून पुढे जातात. मी गेलेच होते.

‘आठ वर्षांच्या मुलीवर एवढं ओझं?’

हा आक्षेप माझ्या बहिणीचा, म्हणजे भाचीच्या आईचा. लहान मूल आहे, बोलून गेली, त्यात वंशभेद कसला शोधता?

मुलीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचंच नाहीये. कॅलपुर्नियाकडे बघा. वॉल्टर जेवायला येतो, ताटभर काकवी ओतून घेतो आणि स्काउट त्याला हसते. कॅलपुर्निया तिला स्वयंपाकघरात ओढून नेते आणि सुनावते: या घरात पाऊल ठेवील तो पाहुणा, मग तो कोणी का असेना. ती मुलीला वाईट ठरवत नाही, वागणं सुधारते. हेल बदलता येतो, पण कुणीतरी तो ऐकवावा लागतो. आणि हे ऐकवणारी बाई स्वतः दोन भाषा बोलते, फिंचांच्या घरात एक, काळ्यांच्या चर्चमध्ये दुसरी. मुलं तिच्याबरोबर तिथे जातात तेव्हा स्काउटला पहिल्यांदा सुचतं की आपल्या स्वयंपाकघराबाहेर हिचं आणखी एक आयुष्य आहे. इतकी वर्षं एका घरात राहून पहिल्यांदा!

‘हा तर गोऱ्या तारणहाराचा पोवाडा’

शाळांमधून पुस्तक काढताना दिलेल्या कारणांत हे एक मोठं कारण आहे. चांगला गोरा माणूस काळ्यांसाठी लढतो, काळे कृतज्ञतेने बघतात, हरले तरी गोरा माणूस थोर ठरतो. निकालानंतर अॅटिकस बाहेर पडताना गॅलरीतले सगळे काळे लोक उभे राहतात आणि पाद्री साइक्स स्काउटला उठायला सांगतात, तुझे वडील चाललेत. विशीत मला तिथे रडू आलं होतं. आता वाचताना वाटलं, टॉमची बायको हेलन कुठे होती त्या क्षणी? तिच्यावर काय गुदरलं ते आपल्याला कुणी सांगत नाही. टॉमच्या मृत्यूची बातमी घेऊन अॅटिकस तिच्या दाराशी जातो तेव्हाही ती कोसळते ती आपल्याला लांबूनच दिसते.

आक्षेप खरा आहे, मी तो खोडणार नाही. या पुस्तकातून काळ्यांचं जगणं कळणार नाही. त्यासाठी मिल्ड्रेड टेलरची ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ वाचावी. १९७६ ची कादंबरी, मिसिसिपी, साल १९३३, गोष्ट सांगणारी कॅसी नऊ वर्षांची आणि काळी. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की कळतं, स्काउटला जे हळूहळू, उन्हाळ्यामागून उन्हाळा उलगडत जातं ते कॅसीला एका फटक्यात शिकावं लागतं. ‘मॉकिंगबर्ड’ काय सांगू शकते, तर गोऱ्या घरातलं चांगलं मूल कसं घडतं, आणि चांगलं असूनही त्याच्या तोंडात काय येतं. हेही कुणीतरी सांगायला हवंच होतं.

अॅटिकस देवमाणूस होता का?

१९९२ मध्ये मनरो फ्रीडमन या कायद्याच्या प्राध्यापकाने अॅटिकसवर लेख लिहिला आणि वकील मंडळींत खळबळ उडाली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. अॅटिकसने हा खटला आपणहून घेतला नाही, न्यायाधीशाने तो त्याच्या गळ्यात घातला. तो राज्याच्या विधिमंडळात होता. जिम क्रो कायद्यांविरुद्ध तिथे त्याने काय केलं? कादंबरीतच तो भावाला म्हणतो की असा खटला न लढता आयुष्य निघून जाईल अशी आशा होती.

नंतर २०१५ मध्ये हार्पर ली यांची ‘गो सेट अ वॉचमन’ प्रसिद्ध झाली. लिहिलेली आधीची, १९५० च्या दशकातली. तिच्यातूनच पुढे ‘मॉकिंगबर्ड’ घडली. त्यात विशीतली स्काउट घरी येते आणि बघते तर म्हातारा अॅटिकस शाळा वेगळ्याच ठेवू पाहणाऱ्यांच्या सभेत बसलाय. वाचक हादरले. मुलांची नावं अॅटिकस ठेवणाऱ्या आईबापांनी काय करावं यावर अमेरिकेत लेख आले.

मला धक्का बसला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण दोन अॅटिकस एकत्र ठेवले की चित्र अधिक खरं दिसतं. कोर्टात एका निरपराध माणसासाठी जिवाचं रान करणारा, आणि त्याच माणसाची मुलं आपल्या नातवंडांच्या बाकावर नकोत म्हणणारा. अशी माणसं आपल्याला नवी आहेत? अस्पृश्यतेविरुद्ध तळमळीने भाषण देणारे आणि घरी सोयरीक आली की गप्प होणारे कितीतरी आजोबा आपल्या कुळांत होऊन गेले. लहान स्काउटला वडिलांचा अर्धाच भाग दिसला, कारण लेकरांना आईबाप तेवढेच दिसतात.

आणि तो शब्द

पुस्तकात काळ्यांसाठीची ती शिवी अनेकदा येते. तेव्हाचं गाव तसंच बोलायचं म्हणून लेखिकेने ती ठेवली, हे पटण्यासारखं आहे. पण वर्गात पंचवीस मुलं आहेत, त्यात एकच काळा मुलगा, आणि बाई मोठ्याने वाचायला सांगतात. तो शब्द आला की चोवीस माना त्याच्याकडे वळतात. त्या मुलाच्या आईने तक्रार केली तर तिला ‘साहित्य कळत नाही’ म्हणायचं? पुस्तक ग्रंथालयात राहावं, वर्गात ते कसं वाचायचं याचा विचार शिक्षकाने करावा, असं मला वाटतं. बंदी आणि सक्ती यांच्यामध्ये बरीच जागा आहे.

गंमत म्हणजे पहिली मोठी बंदी उलट्या दिशेने आली होती. १९६६ मध्ये व्हर्जिनियातल्या हॅनोव्हर कौंटीच्या शाळा मंडळाने पुस्तक ‘अनैतिक’ म्हणून काढलं. लीने तिथल्या वृत्तपत्राला खोचक पत्र लिहिलं आणि सोबत थोडे पैसे पाठवले: मंडळाच्या सदस्यांना पहिलीच्या वर्गात बसवण्यासाठी.

मनरोव्हिल

मेकॉम्ब नावाचं गाव नाही, पण ते ज्यावरून घेतलं ते आहे. मनरोव्हिल, अलाबामा. ली तिथेच जन्मल्या आणि २०१६ मध्ये तिथेच वारल्या. त्यांच्या वकील वडिलांनी १९१९ मध्ये खुनाचा आरोप असलेल्या दोन काळ्या माणसांचा बचाव केला होता. दोघांनाही फाशी झाली.

१९८६ मध्ये याच गावात एका गोऱ्या तरुणीचा खून झाला. वॉल्टर मॅकमिलियन या काळ्या माणसाला पकडलं. त्या वेळी तो घरी होता, चर्चसाठी मासे तळायचा कार्यक्रम चालू होता, कितीतरी लोकांनी त्याला तिथे पाहिलं होतं. ते लोक काळे होते. १९८८ मधला खटला दीड दिवस चालला. ज्यूरीने जन्मठेप सुचवली, न्यायाधीशाने ती बदलून मृत्युदंड केला. ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलाने लढून १९९३ मध्ये त्याला सोडवलं.

मनरोव्हिलचं जुनं कोर्ट आता संग्रहालय आहे. हॉलिवूडने १९६२ च्या सिनेमासाठी तिथल्या खटल्याच्या खोलीची हुबेहूब प्रतिकृती उभारली होती. मॅकमिलियन तुरुंगात होता त्याच सुमारास गावकऱ्यांनी दर वसंतात कादंबरीचं नाटक करायला सुरुवात केली. पहिला अंक बाहेर अंगणात, दुसरा खऱ्या कोर्टाच्या खोलीत. मध्यंतरात प्रेक्षकांतून बारा जणांची नावं पुकारली जायची, गोऱ्या पुरुषांची, कारण काळ १९३५ चा. खिशात मोबाइल असलेले, लांबलांबून आलेले हे पर्यटक ज्यूरीच्या खुर्च्यांवर जाऊन बसायचे. अॅटिकसचं भाषण संपलं की त्यांना आतल्या खोलीत नेत. थोड्या वेळाने ते बाहेर येत, आणि त्यांच्यातला एक जण उठून दर खेळाला तोच निकाल सांगे.